तीन बाणांचा संघ

मोळीची गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकली आहे. म्हातारा बाप भांडणाऱ्या मुलांना जवळ बोलावतो, एकेक काठी मोडायला देतो आणि मग सगळ्या काठ्यांची मोळी पुढे ठेवतो. हीच गोष्ट जपानात बाणांची करून सांगतात. तिथला बाप म्हणजे सोळाव्या शतकातला एक सरदार, मोरी मोतोनारी. त्याने ताकामोतो, मोतोहारू आणि ताकाकागे या आपल्या तीन मुलांना आधी एकेक बाण मोडायला दिला. मग तीन बाण एकत्र दिले, ते मोडेनात. इतिहासाचे जाणकार म्हणतात, ही दंतकथा आहे. मृत्युशय्येवरच्या बापाने हे केले म्हणावे, तर मोतोनारी वारला १५७१ साली, आणि थोरला ताकामोतो त्याच्या आधीच, १५६३ साली, गेलेला होता. पण १५५७ साली मोतोनारीने तिघांना एकीने राहण्याचा उपदेश करणारे पत्र लिहिले, ते मात्र खरे.

या मोतोनारीचा मुलूख म्हणजे आजच्या हिरोशिमाच्या आसपासचा. आणि हिरोशिमाच्या धंदेवाईक फुटबॉल क्लबाचे नावच मुळी या गोष्टीवरून पडले आहे : 'सानफ्रेच्चे'. 'सान' म्हणजे जपानीत तीन, आणि 'फ्रेच्चे' म्हणजे इटालियन भाषेत बाण. दोन भाषांची ही सांधेजोड थोडी गमतीची वाटेल, पण त्या नावामागे एका शहराचा मोठा अनुभव आहे. एकटा बाण मोडतो, हे या संघाने स्वतः भोगलेले आहे. ती हकिकत आज सांगायची आहे.

हिरोशिमात फुटबॉल रुजला तो शिक्षकांच्या शाळेत. तिथे शिक्षक तयार करणारे एक मोठे विद्यालय होते. पहिल्या महायुद्धात जपानने पकडलेले काही जर्मन सैनिक हिरोशिमासमोरच्या निनोशिमा नावाच्या बेटावर ठेवले होते. १९१९ च्या जानेवारीत या कैद्यांचा आणि विद्यालयातील विद्यार्थ्यांचा सामना झाला. जर्मनांनी विद्यार्थ्यांना सहज हरवले. पण हरलेल्यांनी कैद्यांचा खेळ बारकाईने पाहिला, त्यांच्याकडून तो शिकून घेतला, आणि हे विद्यार्थी शिक्षक होऊन ज्या ज्या शाळेत गेले तिथे फुटबॉल गेला.

आता कारखान्याकडे वळू. १९२० साली हिरोशिमात बुचाच्या वस्तू बनवणारी एक कंपनी निघाली. तिचे पुढे 'तोयो कोग्यो' असे नाव झाले. १९३१ पासून ती तीनचाकी मालगाड्या बनवू लागली. आज जग तिला 'माझदा' या नावाने ओळखते. या कंपनीतल्या कामगारांनी १९३८ साली फुटबॉलचा संघ काढला. आजच्या क्लबाचे मूळ ते हेच.

मग ६ ऑगस्ट १९४५ चा दिवस उजाडला. सकाळी सव्वाआठला शहरावर अणुबाँब पडला. त्या वर्षाअखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे मेली. ज्या निनोशिमा बेटावर कैदी चेंडू खेळले होते, तिथे होरपळलेल्या माणसांना होड्यांतून नेऊन ठेवले. तोयो कोग्योचा कारखाना बाँब पडला त्या जागेपासून सुमारे पाच किलोमीटरवर होता, आणि मध्ये हिजियामा नावाची टेकडी आडवी आली, म्हणून तो बराचसा वाचला. शहरात उभ्या इमारती इतक्या थोड्या उरल्या, की प्रांताच्या सरकारने आपली कचेरी काही महिने या कारखान्यातच थाटली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस कारखान्यातून पुन्हा तीनचाकी गाड्या बाहेर पडू लागल्या. जळलेल्या शहराच्या दृष्टीने ती मोठीच गोष्ट होती.

त्या काळचे जपानी फुटबॉल हे कंपन्यांचे फुटबॉल होते. खेळाडू म्हणजे कंपनीचा नोकर. दिवसा काम करावे, उरलेल्या वेळात सराव करावा, पगार कामाचा. १९६५ साली जपानात पहिली राष्ट्रीय लीग स्पर्धा सुरू झाली, तीत आठ संघ होते आणि ते सगळे कंपन्यांचे. पहिल्याच वर्षी तोयो कोग्यो अजिंक्य ठरला. चौदा सामन्यांत बारा विजय, दोन बरोबरीचे आणि पराभव एकही नाही. पुढे १९६६, १९६७ आणि १९६८ अशी ओळीने आणखी तीन वर्षे, आणि नंतर १९७० सालीही हाच संघ पहिला आला. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपानने फुटबॉलचे ब्राँझ पदक मिळवले, त्या संघातही या कारखान्यातले खेळाडू होते.

इथपर्यंत सगळे छान चालले. पण हा संघ उभा होता एकाच बाणावर, म्हणजे कंपनीवर. १९७३ साली जगात तेलाची टंचाई आली. माझदाच्या मोटारींचे विशिष्ट इंजिन पेट्रोल फार खाई. गिऱ्हाईक पाठ फिरवू लागले आणि कंपनी अडचणीत आली. इतकी, की कारखान्यातले कामगार दारोदार मोटारी विकायला पाठवावे लागले. अशा वेळी फुटबॉलला कोण विचारतो? नवे चांगले खेळाडू येईनात, संघ घसरत गेला, आणि एके काळी ओळीने चार वर्षे पहिला येणारा संघ १९८३ च्या हंगामानंतर दुसऱ्या श्रेणीत गेला. मालकाच्या तिजोरीला ओहोटी लागली की खेळही आटतो, तो असा.

या पडत्या काळात एका माणसाने संघाचा भार उचलला. त्याचे नाव काझुओ इमानिशी. बाँब पडला तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि त्याचा पाय भाजला होता. तो पाय घेऊन तो पुढे तोयो कोग्योकडून खेळला, देशाकडूनही खेळला. खेळणे थांबल्यावर कंपनीने त्याला कामगारांच्या वसतिगृहांची व्यवस्था पाहायला सांगितले. गावोगावाहून आलेली कोवळी पोरे एकटी पडली की कशी वागतात, हे त्याने तिथे पाहिले. १९८० नंतर संघ हाती आला तेव्हा त्याने दोन गोष्टी केल्या. एक, हॉलंडहून हान्स ऑफ्ट यांच्यासारखा प्रशिक्षक आणला. हेच ऑफ्ट पुढे जपानच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. खेळाडू हा आधी समाजातला माणूस, मग खेळाडू, असा त्याने नेम घातला. खेळ दहा-पंधरा वर्षांत संपतो, माणसाला त्यानंतरही जगायचे असते, असे त्याचे म्हणणे. नागासाकीत वाढलेला एक फारसा नाव नसलेला मुलगा त्याने १९८७ साली घेतला. त्याचे नाव हाजिमे मोरियासू. हे नाव लक्षात ठेवा.

१९९३ साली जपानात धंदेवाईक लीग सुरू झाली, तिला 'जे-लीग' म्हणतात. तिचे पहिले अध्यक्ष साबुरो कावाबुची यांनी काही नियम हट्टाने घातले. संघाच्या नावात कंपनीचे नाव चालणार नाही. प्रत्येक संघाला आपले गाव हवे. आणि प्रत्येकाने मुलांचे संघ चालवले पाहिजेत. यामागचा विचार साधा होता. कंपनी आज आहे, उद्या हात काढून घेईल, पण गाव कुठे जाणार? पहिल्या दहा क्लबांत हिरोशिमाचा एक होता. त्यासाठी १९९२ साली वेगळी कंपनी काढली गेली. माझदा भागीदार राहिली, पण आता प्रांत आणि शहर यांची सरकारे, तिथले इतर उद्योग आणि सामान्य नागरिक यांनाही त्यात जागा झाली. नागरिक, सरकार आणि उद्योग हे ते तीन बाण. क्लबाच्या नावाचा अर्थ असाही सांगतात.

१९९४ च्या हंगामाचा पहिला टप्पा या संघाने जिंकला. पण नवलाई ओसरली, प्रेक्षक कमी झाले, पैशाची चणचण सुरू झाली. १९९८ साली शहरातल्या विजेची उपकरणे विकणाऱ्या एका मोठ्या दुकानदार कंपनीचे प्रमुख क्लबाचे अध्यक्ष झाले आणि एकट्या माझदावरचा भार हलका झाला. एक बाण वाकला, दुसरा पुढे आला.

हा क्लब श्रीमंत नव्हताच. महागडे खेळाडू विकत घेणे त्याला परवडत नसे. म्हणून त्याने आपले खेळाडू आपणच घडवायचे ठरवले. शहराच्या उत्तरेला, डोंगरांत, योशिदा नावाचा गाव आहे. मोरी मोतोनारीचा किल्ला इथलाच. इथे क्लबाची सरावाची मैदाने आहेत आणि मुलांचे वसतिगृह आहे. इथली मुले दिवसा गावातल्या सरकारी हायस्कुलात इतर मुलांबरोबर शिकतात आणि शाळा सुटली की मैदानावर येतात. गावातली माणसे त्यांना ओळखतात, रस्त्यात थांबवून विचारपूस करतात. इमानिशींचा वसतिगृहाचा अनुभव इथे कामी आला, असे म्हटले तर चूक होणार नाही. शिक्षक मंडळींना मी मुद्दाम सांगतो, की पुढे या क्लबाला यश मिळाले त्याचे बी या शाळा-वसतिगृहात आहे.

यश मात्र लगेच आले नाही. २००२ साली संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला, एका वर्षात परत वर आला. २००७ साली पुन्हा घसरला. अशा वेळी बहुतेक क्लब प्रशिक्षकाला घरी पाठवतात. हिरोशिमाने मिखाइलो पेत्रोविच यांना ठेवून घेतले, आणि २००८ साली दुसऱ्या श्रेणीत १०० गुण मिळवून संघ वर आला. पुढेही श्रीमंत क्लब दर वर्षी इथली तयार मुले उचलत राहिले. योशिदात शिकलेले काशिवागी आणि माकिनो हे दोघे चांगले खेळाडू पुढे उरावाच्या क्लबात गेले, आणि २०१२ साली खुद्द पेत्रोविचही तिकडेच गेले. लोकांना वाटले, आता या संघाचे काही खरे नाही.

त्या वर्षी प्रशिक्षक म्हणून कोणाला नेमले? त्या मोरियासूला. पंचवीस वर्षांपूर्वी इमानिशींनी निवडलेला मुलगा आता प्रशिक्षक झाला होता. पहिल्याच वर्षी, २०१२ साली, हिरोशिमा जपानचे अजिंक्य झाले. हिसातो सातो या बुटक्या, चपळ खेळाडूने त्या हंगामात २२ गोल केले. संघात योशिदात वाढलेले मोरिसाकी नावाचे जुळे भाऊ होते. २०१३ साली शेवटच्या दिवशी योकोहामाला मागे टाकून पुन्हा अजिंक्यपद, आणि २०१५ साली तिसऱ्यांदा. चार वर्षांत तीन अजिंक्यपदे, आणि तीही दर वर्षी खेळाडू गमावणाऱ्या संघाने!

मोरियासू २०१८ साली जपानच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत त्यांच्या संघाने जर्मनीला २-१ असे हरवले. १९१९ साली कैद्यांकडून हरून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गावाला त्या दिवशी काय वाटले असेल, ते आपणच ताडावे.

एक गोष्ट अजून उरली होती. संघाचे मैदान शहराबाहेर, टेकड्यांत होते. ते १९९४ च्या आशियाई खेळांसाठी बांधलेले. प्रेक्षक आणि खेळ यांच्या मध्ये धावण्याचा पट्टा, आणि यायला-जायला त्रास. पहिल्या अजिंक्यपदानंतर लोकांनी शहरात मैदान हवे म्हणून सह्या गोळा केल्या, त्या तीन लाखांच्या वर गेल्या. जागेवरून वर्षानुवर्षे वाद झाला. कोणी बंदराजवळ म्हणे, कोणी शहराच्या मध्यभागी. सरकार, उद्योग आणि नागरिक एका जागेवर यायला २०१९ साल उजाडले. कंपन्यांनी देणग्या दिल्या, सामान्य माणसांनीही दिल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत शहराच्या मध्यवर्ती उद्यानात नवे मैदान उघडले. त्याच्या नावात 'शांतीचा पंख' असे शब्द आहेत. बाँबने सांगाडा उरलेली घुमटाची इमारत तिथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. पायासाठी जमीन खणली तेव्हा खाली जुन्या लष्करी इमारतींचे अवशेष निघाले. ज्या जमिनीवर एके काळी फौजेचा तळ होता, तिथे आता आईबाप मुलांचा हात धरून खेळ पाहायला येतात.

२०१८ साली हिरोशिमा आणि नागासाकी या दोन शहरांचे संघ लीगच्या वरच्या श्रेणीत प्रथमच समोरासमोर आले. बाँब झेललेली ही दोन शहरे. त्या सामन्यांना शांततेचे सामने म्हटले गेले. हरणे-जिंकणे त्यातही होतेच, खेळ आहे म्हटल्यावर ते असणारच.

आता पुन्हा मोळीच्या गोष्टीकडे. आपण ती सांगतो तेव्हा काठ्यांचे कौतुक करतो, दोराबद्दल कोणी बोलत नाही. काठ्या नुसत्या शेजारी ठेवल्या म्हणून मोळी होत नाही, कोणीतरी ती बांधावी लागते, आणि दोर सैल झाला की पुन्हा आवळावी लागते. हिरोशिमात कंपनी होती, सरकार होते, लोकही होते. तरी संघ दोनदा खाली आला, मैदानासाठी वर्षानुवर्षे भांडणे झाली. तीन बाण आहेत एवढ्याने काही भागले नाही. भागले ते भाजलेल्या पायाच्या एका माणसाने पोरांच्या जेवणाखाणाची आणि अभ्यासाची चौकशी केली म्हणून, डोंगरातल्या एका शाळेने त्यांना आपले मानले म्हणून, आणि पडत्या वर्षीही मैदानावर येणारी माणसे येत राहिली म्हणून. दोर हा असा रोजच्या कामाचा वळलेला असतो. मुलांना मोळीची गोष्ट सांगताना एवढे शेवटचे वाक्य आपण तिला जोडावे.