गोपाळबाबा वलंगकर

पलटणीतून मुक्त होऊन घरी परतलेल्या शिपायास कोकणात पूर्वी ‘पेन्शनर’ म्हणत. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली हे अशा पेन्शनरांचे आवडते गाव होते. तेथील हवा थंड, आणि इंग्रजांची छावणी पडल्यामुळे गावाचे नावच लोकांच्या तोंडी ‘कॅम्प दापोली’ असे झालेले. सैन्यातील नोकरी संपल्यावर अनेक शिपाई तेथे घरे बांधून राहत. इ. स. १८८६ मध्ये असाच एक सैनिक निवृत्त होऊन दापोलीस आला. त्याचे नाव गोपाळबाबा वलंगकर.

गोपाळबाबा हे मूळचे महाडच्या बाजूचे. त्यांचा जन्म महार जातीत झाला होता. त्या काळी या जातीच्या लोकांना अस्पृश्य मानीत. गावाच्या विहिरीवर त्यांना पाणी भरता येत नसे, देवळात पाऊल टाकता येत नसे आणि त्यांच्या मुलांना शाळेत इतर मुलांच्या शेजारी बसता येत नसे. पलटणीतील जीवन मात्र याहून निराळे होते. तेथे शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा असत. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षर शिरले नव्हते, ते तेथे लिहू-वाचू लागले. हातात बंदूक घेऊन पहारा करणाऱ्या, कवायतीत ताठ उभे राहणाऱ्या माणसाला गावात परतल्यावर पुन्हा वाकून चालणे कसे रुचावे?

आणखी एक गोष्ट पेन्शनीची. ही बाब वरवर साधी दिसते. परंतु गोपाळबाबांचे कार्य समजून घ्यायचे तर ती नीट ध्यानात घेतली पाहिजे. गावात राहणाऱ्या महारांचे पोट गावकीच्या कामावर व गावाने दिलेल्या बलुत्यावर अवलंबून असे. एखाद्याने अन्यायाविरुद्ध तोंड उघडले, तर गाव त्याचे बलुते बंद करी आणि त्याच्या घरची चूल विझे. मग बोलणार कोण? पेन्शनराचे पैसे मात्र सरकारी खजिन्यातून येत. गाव रुष्ट झाले तरी ते थांबत नसत. म्हणून पेन्शनरास निर्भयपणे बोलता येत असे. अर्थात, बोलता येणे निराळे आणि बोलणे निराळे. पुष्कळ पेन्शनरांनी उरलेले आयुष्य शांतपणे घालवले. गोपाळबाबांना ते साधले नाही.

त्यांच्या मनावर महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांचा मोठा प्रभाव होता. ‘दीनबंधू’ व ‘सुधारक’ या पत्रांतून ते लेख लिहू लागले. इ. स. १८८८ मध्ये त्यांनी विटाळाच्या रूढीवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली आणि तिच्यात उच्चवर्णीयांना २६ प्रश्न विचारले. माणसाच्या स्पर्शाने माणूस बाटतो या समजुतीस आधार कोणता, असा त्या प्रश्नांचा रोख होता. ज्यांना ते विचारले होते त्यांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही. तेव्हा गोपाळबाबांनी आपल्याच बांधवांकडे मोर्चा वळवला. त्यांनी एक मंडळी स्थापन करून तिच्याद्वारे लोकांना जागे करण्याचे काम चालवले. त्यासाठी त्यांनी पद्येही रचली.

त्याच सुमारास दापोलीचे महार पेन्शनर आपल्या मुलांना सार्वजनिक शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज करीत होते. शाळेचे दार थोडेसे उघडले. पण मुलांना बसवण्यात आले ते ओसरीवर! आत वर्ग चालू आणि बाहेर ही मुले कान देऊन बसलेली, हे चित्र डोळ्यांपुढे आणा.

इतक्यात दुसरे संकट उभे राहिले. हिंदुस्थानातील काही जाती तेवढ्या ‘लढाऊ’ आणि बाकीच्या लढण्यास अयोग्य, असे मत इंग्रज सेनापतींमध्ये बळावले. इ. स. १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यात भरती बंद करण्यात आली. ज्या वाटेने अक्षर, पेन्शन आणि स्वाभिमान घरात येत होता, ती वाटच बुजली. गोपाळबाबांनी इ. स. १८९४ मध्ये याविरुद्ध एक अर्ज तयार केला. भीमेच्या काठी कोरेगाव येथे एक स्तंभ आहे. १ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या लढाईत पडलेल्या सैनिकांची नावे त्यावर कोरली आहेत व त्यांत २२ नावे महार सैनिकांची आहेत. ज्यांच्या शौर्याची साक्ष दगडावर कोरलेली आहे, त्यांच्या नातवंडांना लढण्यास अयोग्य ठरवणे हा मोठाच अन्याय होता. तरीही सरकारने निर्णय बदलला नाही. पुढे पहिल्या महायुद्धात ही भरती काही काळ सुरू झाली व पुन्हा थांबली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली, बेळगाव येथे. तोवर त्या अर्जाला जवळजवळ अर्धे शतक लोटले होते.

इ. स. १८९५ मध्ये सरकारने गोपाळबाबांना महाडच्या तालुका लोकल बोर्डाचे सभासद नेमले. लोकल बोर्ड म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागेल. गावोगावचे रस्ते, विहिरी, धर्मशाळा, दवाखाने आणि प्राथमिक शाळा यांची व्यवस्था पाहणारे ते मंडळ असे. आजच्या पंचायत समितीचे ते पूर्वज म्हणता येईल. आता पाहा : ज्या विहिरीला गोपाळबाबांना शिवता येत नव्हते, तिच्या दुरुस्तीवर मत देण्याचा अधिकार त्यांना मिळाला! ज्या शाळेच्या ओसरीवर त्यांच्या बांधवांची मुले बसत होती, तसल्या शाळांचा कारभार ज्या बैठकीत ठरे, त्या बैठकीत त्यांची जागा झाली. बोर्डातील उच्चवर्णीय सभासदांना हे मुळीच रुचले नाही. त्यांनी विरोध केला. मला वाटते, त्यांचा रोष एका वृद्ध पेन्शनरावर नसावा. विहिरी आणि शाळा सर्वांच्या पैशावर चालतात, तर त्या सर्वांच्या का नव्हेत, हा प्रश्न गोपाळबाबांच्या नुसत्या बसण्याने विचारला जात होता, आणि त्याचे उत्तर देणे अवघड होते.

इ. स. १९०० मध्ये गोपाळबाबांचे निधन झाले.

त्यांच्या अखेरच्या वर्षांत मध्य हिंदुस्थानातील महू येथून निवृत्त झालेले सुभेदार रामजी सकपाळ काही काळ दापोलीस येऊन राहिले होते. त्यांचा धाकटा मुलगा भीमराव त्या वेळी अगदी लहान होता. तोच पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर या नावाने जगाला माहीत झाला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे महाडच्या रस्त्यांवरून शिस्तीने चालत चवदार तळ्याकडे निघाली. सैन्यातून परतलेले पेन्शनरही त्यांत होते. बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेऊन ते प्राशन केले आणि मग सर्वजण तळ्याच्या पायऱ्या उतरले.