पायाखालचं लोखंड, रक्तातलं लोखंड

डिचोलीत अर्धमॅरेथॉनचा सराव करणाऱ्याचे बूट पावसाळ्यात एकाच रंगाचे होतात. मये तलावाला वळसा घाला, हरवळ्याच्या धबधब्याकडे उतरा किंवा सप्तकोटेश्वराच्या नार्व्याला जा, तांबडा चिखल नडगीपर्यंत येतोच. तिकडे पेडण्यात केरी-हरमलच्या समुद्रावरचे सडेही जांभ्याचे. हा रंग गंजाचा आहे. पावसाने लाखो वर्षं खडकातली विरघळणारी द्रव्यं धुऊन नेली आणि मागे राहिली ती मुख्यतः लोहाची आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं. हरवळ्याची लेणी कोरली आहेत ती याच दगडात.

त्याच्याही खाली गेलं तर गोष्ट विलक्षण होते. गोव्याच्या खडकांतल्या एका थराला भूशास्त्रज्ञ ‘बिचोलिम फॉर्मेशन’ म्हणतात, म्हणजे आपल्या डिचोलीचंच नाव. त्यात पट्टेदार लोहखडक सापडतात. अडीच अब्ज वर्षांपूर्वीच्या आणि त्याही आधीच्या समुद्रांत लोह विरघळलेलं असे, कारण त्याला गंजवायला पाण्यात मोकळा प्राणवायू जवळपास नव्हताच. मग सूक्ष्मजीवांनी सूर्यप्रकाशावर आपला संसार मांडला, लोहाला ऑक्सिजन चिकटू लागला आणि त्याचे थर तळाशी बसत गेले. निदान बऱ्याच शास्त्रज्ञांचं म्हणणं असं आहे. तेच लोह विसाव्या शतकात मांडवीतून बार्जेसनी मुरगावला गेलं आणि जपानच्या भट्ट्यांत वितळलं.

खडकात लोहाची आणि प्राणवायूची गाठ एकदा पडली की सोडवायला भट्टी लागते. धावणाऱ्याच्या रक्तात तीच दोघं दर मिनिटाला भेटतात आणि वेगळी होतात. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे चार अणू असतात. प्रथिनाच्या खाचेत ते असे बसवलेले असतात की प्राणवायू धरतात, पण गंजत नाहीत. फुप्फुसात धरायचा, मांडीच्या स्नायूत सोडायचा. एका तांबड्या पेशीत असे सुमारे २७ कोटी रेणू. आणि सगळ्या शरीरातलं लोह मिळून किती, तर तीन-चार ग्रॅम, म्हणजे एक लहानसा खिळा.

एवढ्याशा भांडवलावर २१.०९७५ किलोमीटर काढायचे. त्यात पावलागणिक थोडं भांडवल फुटतं. या अंतरात तळवे वीस हजारांच्या आसपास वेळा जमिनीवर आपटतात, दर वेळी वजनाच्या दुपटी-तिपटीने, आणि तळव्याच्या केशवाहिन्यांतल्या काही तांबड्या पेशी त्या दणक्याने फुटतात. शरीर मात्र कमालीचं चिकट आहे. सांडलेलं हिमोग्लोबिन हॅप्टोग्लोबिन नावाचं प्रथिन पकडतं आणि लोह परत कामाला लागतं. जुन्या पेशी मोडून रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह असं फिरवलं जातं. नवीन लागतं ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. बायकांना मासिक पाळीमुळे जास्त.

ते एक-दोन मिलिग्रॅम ताटातून मिळवणं शाकाहाऱ्याला जरा कठीण. मांस-मासळीतलं लोह आतड्यात सहज शिरतं, भाजी-कडधान्यातलं अडखळतं. म्हणूनच अमेरिकेच्या आहारतक्त्यांत शाकाहाऱ्याला १.८ पट लोह सांगितलेलं असतं. गोव्यात शाकाहार हा पुष्कळांसाठी वाराचा प्रश्न असतो. सोमवारी शिवराक, मंगळवारी बांगडा. पण कायम शिवराक राहणारेही आहेत, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात उपाय जुनेच आहेत. तांबडी भाजी, अळसांद्यांचं तोंडाक, नाचण्याचं तिझान यांत लोह असतं. कडधान्य भिजवलं, मोड आणले की लोहाला अडवणारी फायटेटं कमी होतात. सोबत लिंबू किंवा पेरू असला की ‘क’ जीवनसत्त्व लोहाला शोषता येईल अशा रूपात आणतं.

चहा याच्या उलट वागतो. त्यातली टॅनिनं लोहाला धरून ठेवतात. धावून आल्यावर पातळ भाजी-पावाबरोबर कपभर चहा ही सकाळ कुणाला सोडवेल? मला तरी नाही. पण तासभर थांबता येतं.

वेळेचा एक आणखी खेळ आहे आणि तो मला सगळ्यात अद्भुत वाटतो. लांब धावलं की शरीर त्याला हलक्या दाहासारखा प्रतिसाद देतं. यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि तीन ते सहा तासांनी शिखरावर पोचतं. ते आतड्यातून रक्तात लोह सोडणारे दरवाजे बंद करतं. रोगजंतूंनाही लोह हवं असतं, म्हणून संसर्गात ही नाकेबंदी कामाची ठरते. रविवारी पहाटे धावणाऱ्याची मात्र दुपारची तांबडी भाजी नेमकी बंद दारावर येते. तीच भाजी धावून झाल्या-झाल्या खाल्ली तर दार अजून बरंचसं उघडं असतं.

बाकी बाबतीत शाकाहाऱ्याने फार चिंता करू नये. साठ किलोच्या माणसाला हे अंतर साधारण तेराशे किलोकॅलरीत पडतं, आणि उकड्या तांदळाची पेज पिऊन भरलेलं ग्लायकोजेन त्याला पुरून उरतं. शाकाहाऱ्याच्या स्नायूंत क्रिएटिन कमी असतं खरं, पण त्याचा उपयोग काही सेकंदांच्या झपाट्यात, एकवीस किलोमीटरच्या चिवटपणात नाही. बी-१२ साठी मात्र दूध-दही हवंच, आणि तेही सोडलं असेल तर गोळी. फौजा सिंग शाकाहारी होते आणि २०११ साली टोरोंटोत शंभराव्या वर्षी पूर्ण मॅरेथॉन धावले. डिचोलीतल्याच शिरगावात लईराई देवीचे धोंड, म्हणजे भक्त, व्रतस्थ राहून, मांस-मासळी टाळून, जत्रेत निखाऱ्यांवरून चालतात. गावाभोवती लोहखनिजाच्या खाणी आहेत.

रक्ततपासणीत नुसतं हिमोग्लोबिन बघून समाधान मानू नये. आधी रिकामं होतं ते कोठार, म्हणजे फेरिटिन, आणि हिमोग्लोबिन त्यानंतर घसरतं. ही तपासणी शर्यतीच्या आदल्या आठवड्यात करून काही हाती लागत नाही. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. डिसेंबरातल्या शर्यतीत आपल्याला ओढून नेणाऱ्या पेशींतल्या ज्येष्ठ पेशी ऑगस्टमध्ये जन्मलेल्या असतात, श्रावण-चतुर्थीच्या दिवसांत, जेव्हा घरोघरी माटोळी बांधली जाते, खतखतं रटरटतं आणि मासे खाणारेही शिवराक जेवतात. शर्यतीसाठी तांबडी भाजी खायला सुरुवात करायची ती तेव्हाच.