काशीतला घरचा पाव

काशीच्या सकाळी खाण्याची ददात कधी पडत नाही. दिवस उजाडला की गल्लोगल्ली हलवायांच्या कढया तापतात, कचोरी आणि जिलेबी द्रोणांत पडू लागते, आणि गंगास्नान करून परतणारा माणूस ओल्या पंचानिशी तिथे थांबून निःशंक मनाने न्याहारी करतो. परंतु हीच निःशंकता पावाच्या वाट्याला फार काळ आली नाही. हलवायाच्या हातची कचोरी चालणाऱ्या जुन्या घरांतून पाव, किंवा तिकडे ज्याला डबलरोटी म्हणतात तो, उंबरठ्याबाहेरच राहत असे.

ह्यामागे एक तर्कशास्त्र होते. उत्तर हिंदुस्थानात अन्नाचे कच्चे आणि पक्के असे दोन वर्ग परंपरेने मानले गेले. तुपात तळलेले ते पक्के. ते दुसऱ्याच्या हातचे, बाजारातले, प्रवासातले चालते. पाण्यात शिजवलेले किंवा पाण्यात मळून कोरडे भाजलेले ते कच्चे, आणि ते घरच्या किंवा खात्रीच्या हातचेच हवे. ह्या कसोटीवर कचोरी पक्की ठरते आणि पाव कच्चा. शिवाय तो कोणी मळला, कसा मळला, हे अज्ञात. पाव पायांनी मळतात म्हणून त्याला पाव म्हणतात, अशी एक समजूत आपल्याकडेही घट्ट बसली होती. वास्तविक हा शब्द पोर्तुगिजांबरोबर गोव्यास उतरला. त्यांच्या भाषेत ह्या पदार्थाचे नावच ते आहे, त्याचा पायाशी काही संबंध नाही.

दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगाघाट ह्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी घरांनी तर दोन्हीकडचे निर्बंध सांभाळले: दक्षिणेतून आणलेले सोवळे आणि काशीचे कच्चे-पक्के. शिवछत्रपतींच्या 1674 मधील राज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट काशीच्याच भट्ट घराण्यातले, हे श्रोत्यांस ठाऊक आहेच. धर्मनिर्णयासाठी महाराष्ट्र ज्या काशीकडे पाहत असे, तिथल्या मराठी माणसाला खाण्यात सैलपणा परवडणारा नव्हता. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठितांनी चहा-बिस्किटे घेतली आणि केवढे ग्रामण्य उभे राहिले! त्या वादात लोकमान्य टिळकांनी आपण प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, आणि तेही काशीस. बिस्किट हे पावाचेच भावंड. तेव्हा भट्टीतल्या पदार्थाचे पाप फेडायचे स्थळ काशी, अशी ही जुनी जोडी आहे.

ह्याच गल्ल्यांतल्या एखाद्या स्वयंपाकघरात आज ओट्यावर पाव करण्याचे विजेचे यंत्र दिसले, तर ते म्हणूनच मला नुसते चैनीचे उपकरण वाटत नाही. सरकारी कामानिमित्त माझे वास्तव्य वाराणसीत असताना परिचयाच्या एका मराठी घरी असे यंत्र आले. यंत्र सुनेचे, घरातल्या आजी नव्वदीच्या घरातल्या. त्यांनी जन्मात पाव तोंडात घातला नव्हता. पहिला पाव निघाला तेव्हा त्यांनी त्याची चव विचारली नाही, किंमत विचारली नाही. त्यांनी विचारले, ‘‘ह्याला हात कोणाचा लागलाय गं?’’ सून म्हणाली, ‘‘कोणाचाच नाही, आजी. पीठ, पाणी मी घातलं, पुढचं सारं यंत्रानं केलं.’’ आजींनी क्षणभर विचार केला आणि एक तुकडा मोडून घेतला.

कोणाचाच हात नाही, हे उत्तर मात्र पुरते खरे नाही. आणि ते का नाही, हे कळले म्हणजे यंत्रही कळते.

घरगुती पावयंत्र प्रथम बाजारात आले जपानमध्ये, 1987 साली. ओसाका येथील मात्सुशिता कंपनीचे अभियंते त्यापूर्वी बरेच दिवस ह्या खटपटीत होते. परंतु त्यांचा पाव बाहेरून करपे आणि आत कच्चा राही. यंत्राने मळलेली कणीक आणि कसबी भटाऱ्याने मळलेली कणीक ह्यांची क्ष-किरण छायाचित्रेसुद्धा त्यांनी ताडून पाहिली, पण उलगडा होईना. अखेर इकुको तानाका नावाच्या, यंत्राच्या आज्ञावली लिहिणाऱ्या बाईंनी निराळा मार्ग सुचविला. ओसाका इंटरनॅशनल हॉटेलचा पाव शहरात नावाजलेला होता. त्याच्या मुख्य भटाऱ्याच्या हाताखाली त्या मळणे शिकू लागल्या. त्यांच्या ध्यानात आले की हा माणूस कणीक नुसती दाबत नाही. तो ती ताणतो आणि ताणताना पीळ देतो. हे त्याने कोणाला सांगितले नव्हते, कारण आपण असे काही करतो हे शब्दांत मांडण्याची त्याला कधी गरजच पडली नव्हती. मग अभियंत्यांनी भांड्याच्या आतल्या बाजूस उभे कंगोरे बसविले. पाते फिरले की कणीक त्यांना अडते, ताणली जाते, पिळली जाते. ह्या साऱ्याला वर्षभर लागले. तेव्हा आजींच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे, की ओसाकाच्या एका भटाऱ्याचा हात ह्या भांड्याच्या कंगोऱ्यांत आहे.

ताणण्या-पिळण्याचे एवढे महत्त्व का? गव्हाच्या पिठातील प्रथिने पाणी मिळताच एकमेकांत गुंतून एक लवचिक जाळे तयार करतात. त्याला ग्लूटेन म्हणतात. यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी (तो किडा नव्हे, ही शंका मला अनेकांनी विचारली आहे). ती साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड वायू सोडते. वायू जाळ्यात अडकला की कणीक फुगते. जाळे दुबळे असेल तर वायू निसटतो आणि पावाची वीट होते. आपल्या इडलीच्या, जिलेबीच्या आंबण्यातही जिवाणू-यीस्टचेच राज्य आहे, तेव्हा हे तत्त्व आपल्या घरांना नवे नाही. गोव्याचा पोदेर तर ह्यासाठी माडाची सूर वापरत आला.

यंत्राचा क्रम साधारण असा. आधी दहा-पंधरा मिनिटे मळणे, मग विसावा, पुन्हा मळणे, तासभर फुगणे, फुगलेली कणीक एकदा खाली बसविणे, पुन्हा फुगणे आणि शेवटी सुमारे तासभर भाजणे. एकूण तीन ते चार तास. मधल्या वेळात झाकण उघडायचे ते मळणे चालू असताना, एकदाच. गोळा भांड्याच्या कडा सोडून गुळगुळीत फिरत असेल तर ठीक. चुरा दिसला तर चमचाभर पाणी, चिखल दिसला तर चमचाभर पीठ. ही एक नजर हजार सूचनांइतकी उपयोगी आहे.

यंत्राबरोबरच्या पुस्तिकेतील प्रमाणे बहुधा परदेशी पिठासाठी असतात, आणि आपली अडचण तिथेच सुरू होते. जात्यावरच्या आपल्या कणकेत कोंडा असतो. तो ग्लूटेनचे जाळे कापतो. जात्याच्या दाबाने पिष्टाचे कणही फुटतात, त्यामुळे ती पाणी अधिक पिते. पोळी मऊ होते ती ह्याच गुणामुळे, आणि पाव जड होतो तोही ह्याच गुणामुळे. म्हणून आरंभी 250 ग्रॅम मैदा आणि 150 ग्रॅम कणीक घ्यावी; 260 मिलिलिटर पाणी, 20 ग्रॅम तेल किंवा लोणी, 15 ग्रॅम साखर, 7 ग्रॅम मीठ आणि 4 ग्रॅम कोरडे यीस्ट. पाणी तळाशी, पीठ वर, आणि यीस्ट सर्वांत वर कोरड्या पिठात, मिठापासून दूर. हात बसला की कणकेचा वाटा वाढवावा, पण त्याबरोबर पाणीही वाढवावे.

वाराणसीत खरी कसोटी लागते ती हवेची. जानेवारीत पारा दहा अंशांखाली उतरतो, मे-जूनमध्ये चाळिशी ओलांडतो. मळून झालेल्या कणकेचे तापमान पंचविशीच्या आसपास असावे, आणि मळण्याच्या घर्षणाने ते आपोआपही चढते. उन्हाळ्यात साध्या पाण्याने कणीक वेळेआधीच फुगते, मग भाजताना खचते आणि माथ्यावर खड्डा पडतो. जपानी अभियंत्यांनाही ह्याच उष्णतेने छळले होते. यीस्ट मागाहून घालण्याची युक्ती त्यांनी काढली, आणि काही यंत्रांत यीस्टचा वेगळा कप्पा असतो तो ह्यासाठीच. तो नसेल तर मे महिन्यात बर्फगार पाणी घ्यावे आणि यीस्ट पाऊण करावे. हिवाळ्यात पाणी कोमट घ्यावे, कढत नव्हे; साठ अंशांच्या आसपास यीस्ट मरते. रात्री घड्याळ लावून पहाटे ताजा पाव काढण्याची सोय मोहक आहे, पण उन्हाळ्यात त्या वेळी दूध घालू नये, ते नासेल. दुधाची भुकटी चालते. वीज मध्येच गेली तर काही यंत्रे काही मिनिटेच कुठवर आलो हे लक्षात ठेवतात; त्याहून लांबली तर कणीक काढून तव्यावर जाड रोट्या भाजाव्यात, हे उत्तम.

एवढे कष्ट कशासाठी, पाव तर नाक्यावर मिळतो, असे कोणी म्हणेल. 2016 साली दिल्लीच्या एका संस्थेने बाजारातल्या पावांची तपासणी करून त्यांत पोटॅशियम ब्रोमेट आणि आयोडेट ह्या द्रव्यांचे अंश सापडल्याचे जाहीर केले. ब्रोमेट कणीक ताठ करते, परंतु कर्करोगाचा संशय त्याच्यावर आहे. त्याच वर्षी भारत सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याचा वापर बंद केला. मला ह्या प्रकरणी आजींची आठवण होते. हात कोणाचा, हा त्यांचा प्रश्न जातिभेदाच्या ओझ्याखाली वाकलेला होता, आणि ते ओझे गेले ते चांगलेच झाले. पण आत काय आहे हे जाणण्याचा त्यातला अर्धा भाग आपण त्याबरोबरच टाकून दिला होता. तो आता पिशवीवरच्या बारीक अक्षरांतून पुन्हा शोधावा लागतो.

घरच्या पावात टिकाऊपणाची द्रव्ये नसल्यामुळे पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत त्याला बुरशी धरते. शीतकपाटात ठेवावा तर तो अधिक लवकर शिळा होतो, कारण पिष्ट थंडीत झपाट्याने घट्ट होते. तेव्हा उरलेला पाव कापून बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. ताजा पाव यंत्र थांबताच भांड्यातून काढावा, नाहीतर वाफेने तळ ओला होतो. आणि तासभर निवल्याशिवाय सुरी लावू नये. हा शेवटचा नियम मुलांच्या देखत पाळणे कठीण जाते.

दुसऱ्या दिवशीच्या पावाला काशीत फार चांगली गती मिळते. तिथल्या चहावाल्यांकडे कोळशावर भाजलेल्या टोस्टवर मलाई घालून वर साखर भुरभुरवतात. आजींच्या घरी कोळसा नव्हता. सुनेने काप तव्यावर भाजले, आणि मलाई मात्र आजींनी स्वतःच्या हाताने लावली.