सुश्राव्यता आणि सोय

कावेरीच्या तीरावरील कुंभकोणम् हे संगीताचे जुने माहेरघर होय. येथील व्हायोलिनवादक राजमाणिक्यम् पिळ्ळै यांना १९४८ साली मद्रासच्या संगीत अकादमीची ‘संगीत कलानिधी’ ही पदवी लाभली. याच तंजावर प्रांती मराठी कीर्तनातील साकी व दिंडी तमिळ हरिकथेत रुजल्या.

अशा रसिक गावीही ग्रामोफोनची तबकडी घरोघर शिरली. मैफलीत रागविस्तार तासभर चाले. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर मात्र जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. मग लोकांनी ती का स्वीकारली? कारण उघड आहे. श्रोता तबकडीची तुलना मैफलीशी करीत नव्हता, तर घरातील निःशब्दतेशी करीत होता.

एडिसनने १८७७ साली ध्वनी नळकांड्यावर कोरला. त्यावरील चर सुईखालून आरंभापासून अखेरपर्यंत सारख्याच वेगाने सरकतो. बर्लिनरच्या तबकडीत हा वेग मध्याकडे जाताना कमी होतो व सूक्ष्म कंपने अस्पष्ट होतात. तरीही तबकडीच टिकली. कारण ती साच्यात दाबून काढता येई आणि पुस्तकाप्रमाणे फडताळात ठेवता येई.

१९६३ साली कॅसेट आली. ध्वनिमुद्रणगृहातील फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावे. कॅसेटमधील अरुंद फीत केवळ ४.७६ सेंटिमीटर. त्यामुळे खरखर वाढली, तीव्र स्वर मंदावले. परंतु ९० मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर ४५ मिनिटांचा राग अखंड ऐकता येऊ लागला. रागाची अखंडता हाही गुणच नव्हे काय?

१९८२ च्या सीडीवर दर सेकंदास सुमारे १४ लक्ष अंकचिन्हे असतात. पुढे प्रचारात आलेली एमपी३ पद्धती १ लक्ष २८ हजारांतही काम भागविते. मोठ्या स्वराखाली झाकला जाणारा बारीक स्वर ती वगळते. उलट, १९९९ साली आलेली अधिक सूक्ष्म ‘सुपर ऑडिओ सीडी’ मागे पडली. तिचा पुरा लाभ घेण्यास नवे यंत्र हवे होते, आणि सामान्य कानास तिच्यातील फरक सहसा जाणवत नव्हता.

म्हणून सोयीला दोष देऊ नये. मात्र एक विवेक अवश्य बाळगावा. ऐकण्यासाठी सोयीची प्रत चालेल. जतनासाठी मूळ मुद्रणच राखले पाहिजे. एकदा वगळलेला स्वर पुढे कोणत्याही यंत्राने परत मिळत नाही. आणि गायक निवर्तल्यावर तो पुन्हा गाऊन घेण्याचीही सोय उरत नाही.