डावं पान मुलाचं

वही म्हणजे फळ्याची नक्कल, असं मुलांना वाटतं. आणि खरं सांगायचं तर आपणच तसं वाटायला लावलंय. 2023-24 पासून शासनानं दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं जोडली. दप्तर हलकं व्हावं, हा हेतू. पण मुलं वह्या आणतच राहिली, आणि जानेवारी 2025 मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला.

मग वही वापरायची कशी? उजव्या पानावर तारीख, धडा, वर्गात शिकवलेलं. डावं पान मुलाचं. तुमच्या भाटघरचंच घ्या ना. उजवीकडे येईल: वेळवंडी नदीवरचं धरण, पाणी पुढे नीरेत. डावीकडे मुलानं दर सोमवारी धरणातला पाणीसाठा किती टक्के, ते पेपरातून उतरवावं, चौकटी आखून आलेख काढावा; जून ते मे. रेघ जिथं उभी चढली, तिथं त्या आठवड्याचा पाऊस. उन्हाळ्यात पाणी हटून गाळपेराची जमीन उघडी पडते, तिचं चित्रही तिथंच.

या पानावर लाल शेरा मारू नका. एवढंच विचारा, पाऊस थांबल्यावर रेघ इतकी खाली का आली? उत्तर शोधत मूल नीरेच्या कालव्यानं बारामतीपर्यंत जातं.