आरोग्याची माहिती : खुली कोणती, खाजगी कोणती ?

कोणत्याही आरोग्ययोजनेची आखणी माहितीवाचून होऊ शकत नाही. हिवतापाचे रुग्ण कोणत्या तालुक्यात वाढत आहेत, कोणत्या वस्तीतील बालकांना अद्याप लस मिळालेली नाही, क्षयरोगाचा उपचार किती जणांनी अर्धवट सोडला, हे कळल्याखेरीज डॉक्टर, औषधे आणि पैसा योग्य ठिकाणी पोहोचविता येत नाही. म्हणूनच अशी माहिती संशोधकांना व सर्वसामान्य नागरिकांना खुली असावी, ही मागणी जगभर होत आहे आणि ती रास्तही आहे. तथापि, प्रत्येक आकड्यामागे एक माणूस असतो. क्षयरोग, एड्स, मानसिक आजार किंवा गर्भपात यांची वाच्यता झाली तर त्या माणसाची नोकरी, मुलीची सोयरीक, शेजारचा घरोबा, सारेच धोक्यात येऊ शकते.

मग माहिती खुली करावी की झाकून ठेवावी ? हा प्रश्न संगणकामुळे अधिक तीव्र झाला असला तरी तो नवा नाही. गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या अनुभवातून त्याचे उत्तर बरेचसे स्पष्ट झाले आहे. रुग्णाचे गुपित राखले जाईल अशी खात्री जेथे असते, तेथेच खरी माहिती हाती येते, असे तो अनुभव सांगतो.

मृत्यूच्या नोंदींनी दाखविलेली वाट

लंडनच्या सोहो भागात १८५४ साली पटकीची भीषण साथ उद्भवली. पटकी दूषित हवेने होते, असा त्या काळी बहुतेकांचा समज होता. डॉ. जॉन स्नो यांना मात्र पाण्याचा संशय होता. त्यांनी जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयाकडून मृतांच्या नोंदी मिळविल्या. पहिल्या यादीत ८३ मृत्यू होते. घरांचे पत्ते तपासता बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाच्या आसपास झाल्याचे त्यांना आढळले. ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोपर्यंत ओसरू लागली होती हे खरे. परंतु पटकी पाण्यातून पसरते या सिद्धांताला या नोंदींनी भक्कम आधार दिला. नोंदी कार्यालयातच राहिल्या असत्या तर हा शोध इतका सुकर झाला नसता.

विश्वास तुटला म्हणजे काय होते

याची दुसरी बाजू महाराष्ट्राने स्वतः अनुभवलेली आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचे निदान झाले आणि काही महिन्यांतच साथ पुण्यात पोहोचली. सरकारने १८९७ च्या प्रारंभी साथरोग कायदा केला. पुण्यात रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने रुग्ण शोधून काढण्यासाठी सैनिकांना घरोघर पाठविले. ते स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरू लागले. रुग्ण सापडताच त्याला रुग्णालयात व घरच्या माणसांना छावणीत हलविले जाई. परिणामी लोक आजारी माणसाला दडवू लागले, मृत्यूही लपवू लागले. ज्या माहितीसाठी एवढी सक्ती केली, तीच माहिती नाहीशी झाली. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या, हा इतिहास सर्वश्रुत आहे. आरोग्यप्रशासनाच्या दृष्टीने त्यातील बोध असा की, रोग उघड केल्याने आपले नुकसान होईल असे वाटू लागताच लोक तो लपवितात. आणि लपलेला रोग अधिक पसरतो.

एका पाहणीचा धडा

याच्या उलट उदाहरणही आपल्याकडीलच आहे. मुंबईत देवनार येथे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे काम तिच्यामार्फत होत आले आहे. २००५-०६ च्या तिसऱ्या पाहणीत एक अवघड काम हाती घेण्यात आले. एचआयव्हीची लागण देशात किती आहे, हे घरोघरच्या रक्ततपासणीवरून ठरवावयाचे होते. ज्या रोगाचे नाव काढताच माणसे दूर सरत, त्याच्या तपासणीसाठी अनोळखी माणसाला रक्त कोण देणार ?

यासाठी योजलेली पद्धत समजून घेण्याजोगी आहे. संमती देणाऱ्याच्या बोटातून रक्ताचे काही थेंब कागदावर घेण्यात आले. त्या कागदावर नाव नव्हते, केवळ एक सांकेतिक खूण होती. माणसाची ओळख पटविणारे दुवे नष्ट केल्यानंतरच प्रयोगशाळेतील निष्कर्ष पाहणीच्या इतर माहितीशी जोडण्यात आले. त्यामुळे कोणाचा निष्कर्ष कोणता, हे पाहणी करणाऱ्यांनाही सांगता येणे शक्य राहिले नाही. ज्यांना स्वतःची तपासणी हवी होती त्यांना ती मोफत होणाऱ्या केंद्राची माहिती देण्यात आली. अशा रीतीने एक लाखाहून अधिक स्त्रीपुरुषांची तपासणी झाली.

तोवर देशात एचआयव्हीबाधितांची संख्या ५० लाखांहून अधिक मानली जात होती. तो अंदाज प्रामुख्याने निवडक केंद्रांतील तपासण्यांवर आधारलेला होता. या पाहणीचे निष्कर्ष आणि विस्तारलेल्या केंद्रांची माहिती एकत्र केल्यानंतर २००७ मध्ये तो सुमारे २५ लाखांवर आणण्यात आला. राष्ट्रीय धोरणाचा आधार असलेला आकडा निम्म्याने बदलला, पण एकाही माणसाचे गुपित फोडण्याची गरज पडली नाही. पुढे या पाहणीची माहिती, नावेगावे वगळून, देशोदेशींच्या अभ्यासकांना उपलब्ध झाली.

नाव खोडणे पुरेसे नाही

केवळ नाव आणि पत्ता वगळला की माहिती निर्धोक होते, असा समज मात्र चुकीचा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९९० नंतरच्या दशकात सुमारे १ लाख ३५ हजार सरकारी कर्मचारी व त्यांच्या कुटुंबियांच्या रुग्णालयीन नोंदी, नावे काढून, संशोधनासाठी देण्यात आल्या होत्या. त्यांत जन्मतारीख, लिंग आणि टपाल विभागाचा क्रमांक तेवढा राहिला होता. लतान्या स्वीनी या तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या संशोधिकेने केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही याद्या ताडून पाहिल्या. राज्याचे तत्कालीन गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले त्या शहरात सहाच मतदार होते. त्यांपैकी पुरुष तीन, आणि त्यांच्या टपाल विभागात राहणारा एकच. अशा रीतीने खुद्द गव्हर्नरांच्या आजाराच्या नोंदी ओळखता आल्या.

आपल्याकडे तर एवढ्याही खटपटीची गरज नाही. दोनशे उंबऱ्यांच्या गावात ‘वय ३४, स्त्री, क्षयरोग’ एवढी नोंद प्रसिद्ध झाली, तर ती कोणाची हे गावाला सांगावे लागत नाही. यास्तव माहिती खुली करण्यापूर्वी काही दक्षता घ्याव्या लागतात. जन्मतारखेऐवजी वयोगट द्यावा. गावाऐवजी तालुका किंवा जिल्हा द्यावा. एखाद्या रकान्यात दोनतीनच रुग्ण येत असतील तर तो आकडा न देता शेजारच्या गटात मिळवावा. असे केल्याने माहितीची सूक्ष्मता थोडी कमी होते. परंतु नियोजनाला लागणारा तपशील बहुधा शिल्लक राहतो. ज्यांना अधिक सूक्ष्म तपशील खरोखरच हवा आहे, अशा संशोधकांसाठी वेगळा मार्ग काढावा लागतो.

माहिती जागेवर, प्रश्न तिच्याकडे

तो मार्ग इंग्लंडमध्ये ठेच लागल्यानंतर सापडला. तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवेने २०१३ मध्ये सर्व डॉक्टरांकडील नोंदी एका मध्यवर्ती ठिकाणी गोळा करण्याची योजना जाहीर केली. ही माहिती कोणाला, कशासाठी दिली जाईल, हे जनतेला नीट समजावून सांगितले गेले नाही. शंका व विरोध वाढत गेले आणि २०१६ मध्ये योजना गुंडाळावी लागली. २०२० च्या कोविड साथीत मात्र ‘ओपनसेफली’ या नावाने निराळी व्यवस्था उभारण्यात आली. तीत रुग्णांच्या नोंदी मूळ संगणकातून बाहेर काढल्याच जात नाहीत. संशोधक आपला प्रश्न आज्ञावलीच्या रूपाने तेथे पाठवितो आणि त्याला केवळ एकत्रित उत्तर मिळते. कोणी कोणता प्रश्न विचारला याची नोंद सर्वांना पाहता येते. सुमारे १ कोटी ७० लाख प्रौढांच्या नोंदींवरून कोविडने मृत्यू येण्याचा धोका कोणाला अधिक आहे, याचा अभ्यास या मार्गाने काही महिन्यांतच पूर्ण झाला.

आपला कायदा आणि आपली व्यवस्था

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्याच वर्षीच्या एचआयव्ही व एड्सविषयक कायद्याने बाधित व्यक्तीची माहिती गुप्त राखण्याचे बंधन घातले. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी अधिनियम संमत केला. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. संशोधन व सांख्यिकी यांसाठी या अधिनियमात सवलत आहे. मात्र अशा माहितीच्या आधारे एखाद्या विवक्षित व्यक्तीबाबत निर्णय घेता येत नाही.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये नागरिकास १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो. तो घेणे ऐच्छिक आहे. सर्व नोंदी एकाच कोठारात न साठविता त्या जेथे तयार झाल्या तेथेच राहाव्यात आणि रुग्णाच्या संमतीनेच दुसऱ्या डॉक्टरास दिसाव्यात, अशी या योजनेची रचना आहे. अर्थात, रचना कितीही चांगली असली तरी ती राबविणाऱ्यांची दक्षता तितकीच महत्त्वाची. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर हल्ला झाला, तेव्हा कित्येक दिवस तेथील कामकाज हाताने करावे लागले होते.

नागरिकांनी काय करावे

या साऱ्यात नागरिकाची भूमिका केवळ माहिती देणाऱ्याची नाही. आपल्या उपचाराच्या नोंदींची मागणी केल्यास त्या ७२ तासांच्या आत देणे, हे वैद्यक व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरांचे कर्तव्य आहे. भ्रमणध्वनीवर आलेल्या संमतीच्या विनंतीस होकार देण्यापूर्वी माहिती कोण मागतो, कोणत्या कामासाठी आणि किती मुदतीसाठी, हे वाचून घ्यावे. आपला सांकेतिक अंक कोणालाही सांगू नये. अक्षरओळख नसलेल्या रुग्णास हे सारे त्याच्या भाषेत समजावून सांगणे ही आरोग्यकर्मचाऱ्याची जबाबदारी मानली पाहिजे. न समजता उमटविलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे.

त्याचबरोबर, पाहणीसाठी घरी आलेल्या कार्यकर्त्याचे ओळखपत्र पाहून त्याला खरी उत्तरे द्यावीत. आपण दिलेल्या उत्तरावरूनच आपल्या तालुक्याला लशी किती, खाटा किती आणि डॉक्टर किती याचा हिशेब होत असतो. आकडे सर्वांचे आणि ओळख ज्याची त्याची, ही सीमारेषा शासन, डॉक्टर व संशोधक यांनी काटेकोरपणे पाळली, तर नागरिकही आपले दार निःशंकपणे उघडतील.