देवीच्या तटबंदीआड

उंचीने मान मिळवलेली शिखरे हिमालयात पुष्कळ आहेत. परंतु उंचीपेक्षा दुर्गमतेमुळेच जिची कीर्ती झाली, त्या गढवालच्या नंदादेवीची बरोबरी करील असे दुसरे शिखर मला तरी ठाऊक नाही. 7,816 मीटर उंचीचे हे शिखर त्याच नावाच्या राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यात उभे असून, बालेकिल्ल्याला तटबंदी असावी तसे हिमशिखरांचे एक प्रचंड कडे त्याच्याभोवती पसरले आहे. या तटाला खिंडार एकच, तेही पश्चिमेला: आतल्या हिमनद्यांचे पाणी घेऊन निघालेल्या ऋषिगंगेने कोरलेली, उभ्या कड्यांची अरुंद घळ.

1883 साली ग्रॅहॅम नावाचा इंग्रज गिर्यारोहक या घळीतून शिरू पाहत होता, तो हात हलवीत परतला. पुढे लाँगस्टाफ या गिर्यारोहकाने 1905 साली या तटावरच्या एका खिंडीतून आतला प्रदेश नुसता पाहिला. आत प्रत्यक्ष पाऊल पडले ते 1934 साली, जेव्हा एरिक शिप्टन व बिल टिल्मन हे गिर्यारोहक आंग थारके, पासांग आणि कुसांग या तीन शेर्पांसह घळीच्या कड्यांना बिलगून वाट काढीत गेले. मोठ्या मोहिमांचा लवाजमा या दोघांना मुळीच रुचत नसे, आणि तो नसल्यामुळेच त्यांना यश आले असावे, असे माझे मत आहे. 29 ऑगस्ट 1936 रोजी टिल्मन व त्याचा सोबती ओडेल यांनी माथा गाठला. 1950 साली अन्नपूर्णा सर होईपर्यंत मनुष्याने पादाक्रांत केलेले ते सर्वांत उंच शिखर होते.

1965 साली चीनच्या अणुचाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी भारत व अमेरिका यांच्या गुप्तचर खात्यांनी प्लुटोनियमवर चालणारे एक यंत्र शिखरावर बसविण्याचा घाट घातला. हवामान बिघडल्याने ते वाटेतच ठेवून माणसे खाली उतरली. पुढच्या वर्षी शोध घेतला, तर यंत्र तेथे नव्हते, आणि ते अद्याप सापडलेले नाही.

पुढे मोहिमांची वर्दळ वाढली, सरपणासाठी झुडपे तुटली, कचरा साचला. तेव्हा 1982 साली राष्ट्रीय उद्यान जाहीर करून सरकारने प्रवेशाला मनाई केली. 1988 साली जागतिक वारशाचा मानही मिळाला. प्रवेशबंदीच्या हुकुमाने वनस्पती व वन्य प्राणी सावरले, हे निर्विवाद. पण त्याची झळ लाता व रैणी या गावांना बसली, ज्यांची मेंढरे पिढ्यान्पिढ्या वरच्या कुरणांत चरत आली होती. याच रैणीत मार्च 1974 मध्ये गौरादेवी आणि तिच्याबरोबरच्या स्त्रियांनी झाडे तोडायला आलेल्या ठेकेदाराच्या माणसांना अडवून ती वाचविली होती. अरण्य राखणाऱ्यांनाच अरण्याबाहेर ठेवणारा हा कायदा दप्तरात कितीही निर्दोष दिसो, मला तो अर्धवटच न्याय वाटतो. हल्ली उद्यानाच्या बाहेरील पट्ट्यात मोजक्या प्रवाशांना परवान्यावर आणि स्थानिक वाटाड्यांसह जाता येते, त्यामुळे या गावांतील काहींच्या हाती रोजगार आला आहे. कुरणे मात्र त्यांना परत मिळालेली नाहीत.